मुरुडने वाळीत टाकलं, देशाने भारतरत्न दिलं. मधे गेली ६५ वर्षं

दापोली : हर्णैहून कर्द्याकडे निघालं की वाटेत मुरुड लागतं. शनिवार-रविवारी इथे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. किनारा बघायचा, मासे खायचे, फोटो काढायचे आणि रविवारी संध्याकाळी परत. (हे आपलं दापोली तालुक्यातलं मुरुड. जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. दोन्हींची गल्लत पाहुण्यांची नेहमीच होते.) या गावाने देशाला एक भारतरत्न दिला, हे येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं, देव जाणे. आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांनाही हे बहुधा माहीत नसतं की याच गावाने एके काळी त्या माणसावर बहिष्कार घातला होता.

धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना महर्षी म्हणतात, घरचे अण्णा म्हणत.

रत्नागिरी जिल्ह्याचं या सन्मानाशी नातं तसं तिहेरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे डॉ. पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे. आणि कर्वे मुरुडचे. तिघांमध्ये हा सन्मान सगळ्यात आधी मिळाला तो कर्व्यांना, १९५८ मध्ये. तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

सातारच्या परीक्षेची पायपीट

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. बालपण मुरुडला गेलं. घराणं एके काळी बऱ्यापैकी होतं, पण यांच्या वेळेपर्यंत हाती फारसं काही उरलं नव्हतं. गावात सोमण मास्तर होते. शाळेबाहेरच्या जगाची गोडी धोंडूला त्यांनी लावली. देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम हा पोरगा करत असे. मुलगा अंगाने किरकोळ, स्वभावाने लाजरा, चार लोकांत बोलायला घाबरणारा. पुढे हाच माणूस अर्ध्या जगात फिरून वर्गणी मागणार होता.

१८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जायचं ठरलं. आजच्या मुलांना ही परीक्षा म्हणजे काय ते कळणार नाही. ती पास झाली की शाळामास्तराची किंवा कचेरीतली नोकरी लागे, आणि नोकरी लागली की घराची चूल नीट पेटे, एवढं तिचं मोल होतं. एसटी नव्हती, घाटात गाडीरस्त्याचा भरवसा नव्हता, पावसाळ्यामुळे गलबतंही बंद. मुरुडपासून सातारा शंभर मैलांच्या वर. धोंडू आणि त्याचे सोबती पावसात, जंगलातून, सह्याद्री चढून चालत गेले. पोचले. आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांना हा मुलगा वयाने लहान वाटला. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. ती याची झाली होती, पण अंगकाठीवरून तसं दिसत नव्हतं. बसू दिलं नाही. आला तसा परत.

सातारचा हा किस्सा शाळेच्या भाषणांत नेहमी येतो, पण पायपिटीचं कौतुक करून तिथेच थांबतो. खरा मुद्दा पुढचा आहे. पुढच्या खेपेला तो कोल्हापूरला गेला, परीक्षा दिली आणि पास झाला. नकार मिळाला की चिडायचं नाही, भांडायचं नाही, दुसरा रस्ता धरायचा, ही त्यांची रीत तिथपासून शेवटपर्यंत दिसते.

मॅट्रिक होईपर्यंत वय तेवीस झालं होतं. मग मुंबई, एल्फिन्स्टन कॉलेज, १८८४ ला गणित घेऊन बी.ए. लग्न आधीच झालेलं, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पोरवयातच, राधाबाईंशी. १८८२ मध्ये मुलगा झाला, रघुनाथ. या मुलाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मुंबईत शाळांतून शिकवायचं, घरोघरी शिकवण्या करायच्या, पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवायचा, असं चाललं होतं. त्यातही गावाचा विसर नव्हता. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला लहानसा वाटा गावासाठी काढावा म्हणून त्यांनी मुरुड फंड सुरू केला. गावच्या मुंबई मंडळाला आज वर्गणी भरणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही, पण तेव्हा ती नवी होती.

१८९१ मध्ये राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर रिकामी झालेली ती जागा.

एक लग्न आणि गावाची बैठक

पस्तिशीच्या आतला विधुर, पक्की नोकरी. स्थळं येणारच होती, तीही दहा-बारा वर्षांच्या मुलींची. तेव्हा विधुराला दुसरी बायको मिळायला अडचण नसे. विधवेने मात्र केस काढून, लाल आलवण नेसून, घरच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचं. अण्णांनी ठरवलं, लग्न केलं तर विधवेशीच.

देवरुखचे नरहरपंत जोशी त्यांचे मित्र. मुंबईत दोघांची बिऱ्हाडं एकत्र होती. नरहरपंतांची बहीण गोदूबाई. लहानपणीच लग्न, काही महिन्यांत वैधव्य. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचं लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळं जग त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागलं.

पुण्यात बरीवाईट चर्चा झाली, अभिनंदन करणारेही निघाले. मुरुडला जोडपं आलं तेव्हा मात्र गाव बसलं. ठराव झाले. कर्वे असतील त्या बैठकीला कुणी बसायचं नाही. त्यांच्या घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्या घरालाही वाळीत टाकायचं. आई होती, भाऊ होता, त्याचा संसार होता. अण्णांनी घरच्यांना संकटात टाकलं नाही. गावी आले की ते वेगळे राहत, आईच्या हातचं जेवायलाही अडसर.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लोकांना पुस्तकातून शिकवायला नको. पाणी, देऊळ, लग्नकार्य, तेराव्याचं जेवण, सगळीकडे माणूस एकटा पडतो. आणि हे त्याच मुरुडमध्ये, ज्या मुरुडसाठी या माणसाने फंड उभा केला होता. अण्णांनी गावावर राग धरला असता तर ते चुकीचं म्हणता आलं नसतं. त्यांनी धरला नाही.

हिंगण्याची झोपडी

लग्नाच्या वर्षीच त्यांनी विधवाविवाहाला मदत करणारी मंडळी स्थापन केली. पण थोड्याच काळात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या हजारोंचं काय? त्यांना आधी अक्षर हवं आणि स्वतःच्या कमाईचं साधन हवं. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी निघाली. आश्रम पुण्यात सुरू झाला, प्लेगने शहर हैराण केलं तेव्हा १९०० मध्ये शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गोखले यांनी जागा दिली होती. त्या माळावर एक झोपडी उभी राहिली.

दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी चालत हिंगण्याला, तिथे मुलींना शिकवायचं, त्यांच्या आजारपणाचं बघायचं, सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. पावसाळ्यात चिखल तुडवत. गाठीचा पैसा आश्रमात गेला, विम्याची पॉलिसीसुद्धा गेली. घरी बाया आणि मुलं. त्यांना त्यातलं काय वाटत होतं, ते बायांनी पुढे आपल्या आठवणींत सांगून ठेवलं आहे, आणि ते गोडगोड मुळीच नाही.

एक गोष्ट तर ऐकून आजही कसंतरी होतं. सनातनी घरातल्या बापांनी आपल्या विधवा मुली आश्रमात पाठवाव्यात म्हणून अण्णांनी आश्रमाचा पुनर्विवाहाशी काही संबंध ठेवला नाही. पुनर्विवाह मंडळीचं कामही सोडलं. त्याचा परिणाम असा की पुनर्विवाह केलेल्या बायांनाच सुरुवातीच्या काळात आश्रमात राहता येईना. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमाचा कणा झाल्या, पुढे आश्रमासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आणि जिच्याशी लग्न केल्यामुळे हे सगळं सुरू झालं ती बाई बाहेर. हिशेबी माणसाचा तो हिशेब होता, आणि संस्था टिकली ती त्यामुळेच, असं म्हणणारे आहेत. असेल. पण त्याची किंमत कुणी भरली तेही बघितलं पाहिजे. वसंत कानेटकरांनी अण्णांच्या आयुष्यावर बेतलेल्या नाटकाला ‘हिमालयाची सावली’ हे नाव दिलं, ते उगाच नाही.

आणखी एक सांगायला हवं. आश्रमात सुरुवातीला आल्या त्या मुख्यतः ब्राह्मण विधवा. केशवपनाची सक्तीही त्याच घरांत होती. पण विधवांसाठी पुण्यात दार उघडणारे अण्णा पहिले नव्हेत. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, तेव्हा मुरुडचा धोंडू पाच वर्षांचा होता. फुले दांपत्याला भारतरत्न मिळावं ही मागणी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं होत आली आहे.

आश्रमाच्या जोडीला १९०७ मध्ये महिला विद्यालय आलं. मग कुणीतरी पाठवलेलं जपानच्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक अण्णांच्या हाती पडलं, आणि वयाच्या ५८ व्या वर्षी, लोक निवृत्त होऊन काशीला जातात त्या वयात, १९१६ मध्ये त्यांनी बायकांचं विद्यापीठ काढलं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी! शिक्षण मातृभाषेतून. बायकांना वेगळा अभ्यासक्रम कशाला, पुरुषांसारखाच का नको, अशी टीका त्या वेळीही झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावाने १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. आपल्या तालुक्यांतल्या किती मुली तिथे शिकल्या असतील, कोण मोजणार!

विद्यापीठासाठी सत्तरी ओलांडल्यावर अण्णा जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट घेतली. नंतर आफ्रिका. सगळीकडे काम एकच, संस्थेची माहिती सांगणं आणि वर्गणी.

पण खेड्यातल्या वाचकाला जास्त जवळचं वाटेल ते पुढचं काम. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. लोकल बोर्डाची शाळा जिथे पोचली नव्हती अशा गावांत शाळा काढायच्या. त्यासाठी म्हातारा पुण्यात दारोदार फिरून थोडीथोडी वर्गणी गोळा करत असे. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ, जातिभेद आणि उच्चनीच मोडण्यासाठी.

देशाचा सन्मान

आता त्या सन्मानाकडे येऊ. इंग्रजांच्या काळात रावसाहेब, रावबहादूर, सर अशा पदव्या असत. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १८ व्या कलमाने सरकारी पदव्या बंद केल्या. मग चांगल्या कामाची नोंद कशी घ्यायची? २ जानेवारी १९५४ रोजी राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने भारतरत्न आणि तीन वर्गांचं पद्मविभूषण सुरू झालं. पुढच्याच वर्षी त्या तीन वर्गांना पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री अशी आजची नावं मिळाली. भारतरत्नचं पदक आधी ३५ मिलिमीटरचं गोल सोन्याचं ठरलं होतं. १९५५ मध्ये ते बदलून पिंपळपानाच्या आकाराचं केलं, वर सूर्य आणि खाली देवनागरीत भारतरत्न ही अक्षरं. सोबत राष्ट्रपतींच्या सहीची सनद. पैसे नाहीत. आणि नावाच्या आधी किंवा मागे तो पदवीसारखा लावायचा नाही, असा नियम आहे. आपल्याकडे चौकाच्या पाट्यांवर आणि बॅनरवर तो सर्रास मोडला जातो, ते सोडा.

पहिल्या वर्षी राजगोपालाचारी, राधाकृष्णन आणि सी. व्ही. रामन. दुसऱ्या वर्षी भगवान दास, विश्वेश्वरय्या आणि नेहरू. १९५७ ला गोविंद वल्लभ पंत. आणि १९५८ मध्ये एकटे कर्वे. या यादीतले ते पहिले मराठी माणूस. १९५५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं होतंच. बनारस, पुणे, एसएनडीटी आणि मुंबई या विद्यापीठांच्या सन्माननीय डॉक्टरेटही झाल्या होत्या.

१८ एप्रिल १९५८ ला शंभर वर्षं पुरी झाली. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर मोठा समारंभ झाला, पंतप्रधान नेहरू आले. त्याच दिवशी टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. जिवंत भारतीय माणूस टपाल तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ. हयात असताना भारतरत्न मिळालेल्यांत आजवर त्यांच्याएवढ्या वयाचं कुणी नाही.

हे सगळं वाचताना अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण तारखा जुळवून पाहिल्या की वेगळंच काहीतरी दिसतं. बाया गेल्या २९ नोव्हेंबर १९५० ला. तेव्हा भारतरत्न हा सन्मानच अस्तित्वात नव्हता. वाळीत पडणं, आश्रमाबाहेर राहणं, रिकाम्या डब्यांचा संसार, सगळं त्यांच्या वाट्याला आलं. ब्रेबॉर्नचा समारंभ नाही आला.

आणि तो थोरला मुलगा, रघुनाथ. हाही गणिताचा प्राध्यापक. मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, म्हणजे ज्याला पुढे सरकारने कुटुंब नियोजन म्हणत गावोगावी लाल त्रिकोण रंगवले, ते काम. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा अशी वेळ आली, त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले ओढवून घेतले, दंड भरला. एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. मुरुडचा मुलगा आरोपी आणि आंबडव्याचा वकील! १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथराव गेले. भारतरत्नची अधिसूचना निघाली ती त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. अर्थात ते जगले असते तरी त्यांना तो दिला गेला असता असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या नावाला सरकारी सन्मान कधीच चिकटला नाही.

१९५४ च्या मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची सोयच नव्हती. ती पुढच्या वर्षी आली आणि प्रत्यक्ष पहिला मरणोत्तर भारतरत्न १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींना मिळाला. म्हणजे अण्णा ९५ व्या वर्षी गेले असते, आणि ते वय काही कमी नाही, तर भारतरत्नच्या यादीत मुरुडचं नाव आलं असतं का, हा प्रश्नच आहे. काम तेच राहिलं असतं. हिंगण्याची झोपडी तीच, पाच मुलींचा वर्ग तोच. बाबासाहेबांचंही बघा. १९५६ ला गेले, भारतरत्न १९९० ला. चौतीस वर्षं. मधे १९७७ ते १९८० मध्ये जनता सरकारने हे सन्मान बंदच करून टाकले होते, नंतर ते पुन्हा सुरू झाले.

अण्णा मात्र थांबले, म्हणजे जगले. त्यांनी सन्मानाची वाट पाहिली असं मुळीच नाही. ते वर्गणीच्या पावत्या फाडण्यात गुंतले होते. त्यांच्या हयातीत देश बदलला, कायदे बदलले, वाळीत टाकणारी पिढी गेली, तिची मुलं म्हातारी झाली आणि नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. आज मुरुडमध्ये त्यांचं स्मारक आहे. पुण्यात कर्वे रोड आहे, हिंगण्याच्या माळाचं कर्वेनगर झालं आहे, मुंबईत मरीन लाइन्सच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. देवरुखच्या जोश्यांच्या गोदूचं नाव कुठल्या रस्त्याला आहे, हे शोधायला हवं.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा वारले. वय १०४. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, भारतरत्न पुन्हा आपल्या जिल्ह्यात आला, डॉ. पां. वा. काण्यांच्या रूपाने. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून काढला होता. विधवेने कसं राहावं, कुणाला वाळीत टाकावं, प्रायश्चित्त काय, कुठल्या काळी कोणी काय सांगितलं, सगळं त्यात साधार मांडलेलं. चिपळूणच्या माणसाने शास्त्र तपासलं आणि मुरुडच्या माणसाने, ते तपासून व्हायची वाट न बघता, १८९३ मध्येच लग्न करून टाकलं होतं.